स्टेजकडे पाठ, प्रेक्षकांकडे कॅमेरा

मुंबईचे बंद पडलेले पब निदान फोटोंत तरी सापडतात. जळगाव-धुळ्याच्या रात्री जिथे रंगायच्या त्या कनाती, तंबू आणि नाचाचे हॉल मात्र अल्बममधूनही गायब आहेत. असं का झालं? आणि अजून काय वाचवता येईल?

शुक्रवारची संध्याकाळ. काम संपलंय, बॉस निघून गेलाय, पण ट्रॅफिकच्या भीतीने कुणी खुर्चीवरून उठत नाही. अशा वेळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी एक जुना फोटो टाकतं. लोअर परळच्या मथुरादास मिल्स कंपाउंडमधलं ब्लू फ्रॉग. ते गोल-गोल पॉड, मध्ये स्टेज, अंधारात चमकणारे दिवे. झालं! पुढचा अर्धा तास नुसता नॉस्टॅल्जिया. कुणाचा पहिला गिग तिथे, कुणाचं पहिलं ब्रेकअप तिथे. 2007 मध्ये सुरू झालेलं हे ठिकाण 2016 मध्ये बंद पडलं, तरी फोटोंमध्ये अजून गजबजलेलं आहे.

त्या ग्रुपवर जळगाव नाहीतर धुळ्याचा एक जण असतोच. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात असतो, मोजून बघा. तो एक हसरा इमोजी टाकतो आणि गप्प बसतो. त्याच्याकडे टाकायला फोटोच नसतो. ‘तुमच्याकडे काय भो, नुसती भरीत पार्टी!’ असं कुणी चिडवलं की तोही हसतो. आता भरीत पार्टी झकासच असते, त्यात वादच नाही. थंडीची रात्र, मळ्यातला जाळ, त्यावर भाजलेली वांगी, वर कळण्याची भाकरी. पबच्या स्टार्टर्सनी हात जोडावेत असा मामला!

पण खानदेशात लाइव्ह म्युझिकच नव्हतं, असा जर कुणाचा समज असेल तर तो साफ चुकीचा आहे. भरपूर होतं. रात्रभर चालायचं, तिकीट लावून चालायचं, हाउसफुल्ल चालायचं. फक्त त्याचे फोटो निघाले नाहीत. आणि ज्याचा फोटो नाही ते नव्हतंच, असं मानायची आपल्याला आता सवय झालीय.

मुंबईचा जाडजूड अल्बम

आधी मुंबईचं बघू. तिथल्या हरवलेल्या ठिकाणांची आठवण एवढी ठसठशीत का, हे कळलं की आपलं काय राहून गेलं तेही कळतं.

1935 मध्ये लिऑन अॅबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ आणखी परदेशी वादक आले, त्यांच्याकडे बघून गोव्याची पोरं शिकली. त्यातलाच एक ट्रंपेटवाला म्हणजे चिक चॉकलेट, मूळचा हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबईच्या नाइटलाइफची रयाच गेली. यातल्या कितीतरी वादकांना सिनेमाच्या स्टुडिओंनी काम दिलं. भगवानदादांचा 1951 चा ‘अलबेला’ परत बघा, गाण्यात चिक चॉकलेट आणि त्याची मंडळी चक्क पडद्यावर दिसतात. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात ही सगळी दुनिया उभी केली, तीही ढीगभर जुन्या फोटोंसकट.

नंतरच्या पिढीचं कुलाब्याचं स्लिप डिस्क. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लँट आणि जिमी पेज तिथे चक्क वाजवून गेले! मग धोबी तलावचं रंगभवन. 1978 मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा तिथली, इंडिपेंडन्स रॉकमध्ये घसा बसेपर्यंत ओरडणारी कॉलेजची गर्दीही तिथलीच. आसपास हॉस्पिटल आणि कॉलेजं, त्यामुळे 2003 नंतर तिथे सायलेन्स झोनचा नियम लागू झाला आणि खुल्या आकाशाखालचं ते स्टेज गप्प झालं.

आता यातली गंमत लक्षात घ्या. यातलं बरंचसं बंद पडलं, पण त्याआधी त्याचे फोटो निघाले. मोठ्या हॉटेलांना जाहिरातीसाठी फोटो हवे असायचे. बँडवाल्यांना पुढचं काम मिळवायला सूट घालून पोझ द्यावी लागायची. इंग्रजी पेपरांचे फोटोग्राफर हाकेच्या अंतरावर होते. थोडक्यात, आठवण ठेवायची यंत्रणा मनोरंजनाच्या धंद्यातच बसवलेली होती.

आपल्याकडे कनात होती

खानदेशात ही जागा पबने नाही, यात्रेने भरून काढली होती. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची, धुळ्याला एकवीरा देवीची, मुक्ताईनगरला महाशिवरात्रीची. देवदर्शन, घोडे-बैलांचा बाजार, भांडीकुंडी, पाळणे, आणि मोठ्या यात्रेत अंधार पडला की एका बाजूला कापडी भिंत उभी राहायची. हीच ती कनात. आत तमाशा नाहीतर टुरिंग टॉकीज.

तमाशाच्या कार्यक्रमाला एक पक्की सेट लिस्ट असते. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि मध्यरात्र उलटली की वग. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. मागे चाळाचा आवाज. तिकीट काढून मातीत बसायचं, शिट्ट्या मारायच्या, आवडलं तर फर्माईश करून दौलतजादा करायचा. हंगाम साधारण दसऱ्यापासून चैत्र-वैशाखापर्यंत, म्हणजे आपल्या आखाजीच्या आगेमागे संपणारा. पावसाळ्यात गाड्या गावी परत. पूर्ण ताफा ट्रकवर: स्टेज, कनात, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी, कलावंत आणि त्यांची पोरंबाळं. आजच्या भाषेत सांगायचं तर सहा-आठ महिन्यांची टूर, रोज नवं गाव, हॉटेलचं बुकिंग शून्य.

टुरिंग टॉकीजचंही तसंच. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, रिळांचे डबे, पांढरा पडदा. जिथे पक्कं थिएटर नाही तिथे सिनेमा स्वतः चालत यायचा. नायकाच्या एंट्रीला उडालेली चिल्लर आणि धुळीत बसलेलं पब्लिक. साउंड सिस्टीम यथातथाच असेल, पण वातावरण कुठल्याही मल्टिप्लेक्सच्या तोंडात मारणारं!

आणि एक ठिकाण तर खरोखर पबच्या अगदी जवळचं. भुसावळ! 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि तापीकाठच्या या गावात इंजिन शेड, वर्कशॉप, बंगले आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत उभी राहिली. अशा मोठ्या रेल्वे कॉलनीत एक इन्स्टिट्यूट असायची. तिथे लाकडी फ्लोअर, पियानो, बिलियर्ड्सचं टेबल आणि नाताळ-न्यू इयरचा डान्स. म्हणजे ‘डान्स फ्लोअर’ ही चीज खानदेशात पुण्याच्या आयटी पार्कच्या शंभर वर्षं आधी पोचली होती. स्वातंत्र्यानंतर देशभरातल्या रेल्वे वसाहतींतली अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली. जाताना माणूस कपाट नेत नाही, अल्बम मात्र नेतो. त्यामुळे भुसावळच्या नाचाचे फोटो असतीलच, तर ते आज भुसावळपेक्षा मेलबर्नच्या एखाद्या ड्रॉवरमध्ये सापडण्याची शक्यता जास्त.

मग फोटो का नाहीत?

पहिलं कारण एकदम टेक्निकल. ज्या काळात कनाती गच्च भरायच्या, त्या काळात मध्यमवर्गाच्या घरातला कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल महाग, धुलाई महाग, प्रिंट महाग. शिवाय तो उन्हातला कॅमेरा. रात्री, कंदिलाच्या नाहीतर जनरेटरवर लुकलुकणाऱ्या बल्बच्या उजेडात त्याच्यात काळोखाशिवाय काही उतरायचं नाही. फ्लॅश मारावा तर तो पहिल्या दोन रांगांपर्यंत पोचून दमायचा. बारा फोटोंत मुंज, नाशिकची ट्रिप आणि आजोबांची साठी बसवायची असताना यात्रेतल्या अंधारावर कोण रोल उडवणार?

दुसरं कारण जास्त नाजूक. तमाशाला जाणं ही अनेक घरांत सांगायची गोष्टच नव्हती. ‘शेतावर पाणी द्यायला जातो’ म्हणून निघालेले कितीतरी जण पहाटे वग संपवून घरी यायचे. फोटो म्हणजे पुरावा! आणि स्टेजवरच्या बाईला टाळ्या वाजवणाऱ्या गावाला तिचा फोटो घरातल्या भिंतीवर नको होता. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण ज्या हजारो रात्री तिच्यासारख्या बायका नाचल्या, त्या रात्रींची नोंद कुठल्याच गावाने ठेवली नाही.

तिसरी गोष्ट योगायोगाची, पण चटका लावणारी. भारतातल्या मोठ्या फोटोग्राफर्सपैकी एक आपल्याच जिल्ह्यात राहत होता. चाळीसगावचे केकी मूस. 1912 चा जन्म, इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण, आणि परत आल्यावर जवळजवळ अख्खं आयुष्य स्टेशनजवळच्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेतलेलं. दूर गेलेल्या प्रेयसीसाठी ते रोज रात्री पंजाब मेलची वाट बघायचे, टेबल मांडून ठेवायचे, असं चाळीसगावात सांगतात. 31 डिसेंबर 1989 ला ते गेले. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी जगभर गाजली. घरातल्याच किरकोळ वस्तू टेबलावर मांडून त्यातून डोंगर, झोपड्या, वादळ असं अख्खं जग ते उभं करायचे. त्यांचं घर आज संग्रहालय आहे आणि जळगाव-धुळ्याच्या माणसाने ते बघितलं नसेल तर या वीकेण्डला जरूर बघावं. पण बघताना हेही जाणवतं, की आपल्या भागातली सगळ्यात तयार नजर चार भिंतींच्या आत होती आणि आपल्या रात्री बाहेर होत्या.

दोघांनी कॅमेरा फिरवला

बरं, कुणीच काही केलं नाही असंही नाही. महाराष्ट्रात निदान दोन कामं अशी झाली, की ती बघितल्यावर आपल्या आजोबांच्या रात्री डोळ्यांसमोर येतात.

एक संदेश भंडारे यांचं. या फोटोग्राफरने तमाशाच्या फडांबरोबर फिरून ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक केलं. त्याचं महत्त्व हे, की तमाशा म्हणजे फक्त स्टेजवरची नऊवारी आणि ठसका, हे चित्र ते मोडतं. ज्या कष्टांच्या जिवावर फड उभा राहतो तो स्टेजमागचा संसारही त्यात येतो.

दुसरं काम अमित मढेशिया आणि शर्ली अब्राहम यांचं. 2008 च्या सुमारास दोघं महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजच्या मागे लागले. अमितने काय केलं? सिनेमा सुरू असताना पडद्याकडे पाठ केली आणि कॅमेरा पब्लिककडे वळवला. पडद्यावरून परतलेल्या उजेडात दिसणारे चेहरे. घोंगडी पांघरलेले, आ वासलेले, हसू दाबणारे, रडू न लपवणारे. त्या फोटोंना 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा कला-मनोरंजन विभागातला पहिला पुरस्कार मिळाला. दोघांनी मिळून केलेली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ही डॉक्युमेंटरी 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली आणि तिथेही तिचा गौरव झाला.

फोटोतली खरी ट्रिक हीच आहे. आपण सगळे स्टेजचा फोटो काढतो. गायक तर दुसऱ्या शंभर फोटोंत सापडतोच. सापडत नाही ते पब्लिक, ती जमीन, तो तिकिटाचा खोका, ती चहाची टपरी. ठिकाण म्हणजे नेमकं तेच असतं. ब्लू फ्रॉगचा फोटो बघून आपण हळवे होतो ते स्टेजवर कोण होतं म्हणून नाही. त्या पॉडमध्ये आपण बसलो होतो म्हणून!

कनात का मिटली

कारणं एकच एक नाहीत. घरात टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ आला, मग मोबाइल आला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरच्या लाउडस्पीकरवर बंधन आलं. हॉस्पिटलशेजारी राहणाऱ्याला विचाराल तर नियम योग्यच आहे. पण ज्या कलेचा मुख्य भाग मध्यरात्री सुरू होतो, तिचं गणितच त्याने बिघडलं. रिळांचा सिनेमा डिजिटल झाला तेव्हा टुरिंग टॉकीजवाल्यांचे जुने प्रोजेक्टर भंगाराच्या वाटेला लागले. आणि 2020, 2021 हे दोन हंगाम तर कोविडमध्ये यात्राच भरल्या नाहीत. हातावर पोट असणाऱ्यांना दोन कोरडे हंगाम म्हणजे काय, हे पगारी माणसाला पटकन कळणार नाही.

सगळंच संपलं असंही समजू नका. आपला बँड बघा. पूर्वी लाल कोट, सोनेरी पट्ट्या, क्लॅरिनेट, ट्रंपेट, डोक्यावर गॅसबत्त्या. आज त्याच्या जागी दिव्यांनी लखलखणारी गाडी, कीबोर्ड, माइक आणि अहिराणी गाण्यांचा धडाका. खानदेशी बँडचे व्हिडिओ लोक यूट्यूबवर शोधून बघतात, एखादं अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं जातं. बँड टिकला, कारण तो वरातीबरोबर चालत राहिला. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो, तिथे शास्त्रीय गाणं ऐकायला नवी मंडळीही येतात. म्हणजे ऐकणारे कान आहेत. नोंद ठेवणारे हात कमी आहेत.

तुमच्या माळ्यावरचं आर्काइव्ह

आता मुद्द्याचं. यात तुम्ही-आम्ही काय करू शकतो? तर पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आई-बाबांच्या, काका-मामांच्या लग्नाचे अल्बम खाली काढा. खानदेशात कॅमेरा हमखास यायचा तो फक्त लग्नाला. त्यामुळे आपल्या हरवलेल्या जागा सापडल्याच, तर त्या लग्नाच्या फोटोंच्या कडेला सापडतील.

नवरदेवाकडे बघू नका, तो काय आपलाच आहे. त्याच्या मागे बघा. मोठ्या ड्रमवर बँडचं नाव आणि गाव रंगवलेलं दिसेल. एखाद्या भिंतीवर तमाशाच्या फडाचं नाहीतर टॉकीजचं पोस्टर असेल. वरात जिथून जातेय तिथे आज शॉपिंग कॉम्प्लेक्स आहे, पण फोटोत मोकळं मैदान आहे आणि त्या मैदानात कनातीचे खांब आहेत. असा एक फोटो मिळाला तरी बाजी मारलीत म्हणून समजा.

मग दोन-तीन साध्या गोष्टी करा. फोटो व्हॉट्सअॅपवर ढकलून मोकळे होऊ नका, त्याने फोटो बारीक होतो आणि कडेचा मजकूर वाचता येत नाही. नीट स्कॅन करा, मोठ्या साइजमध्ये ठेवा. प्रिंटच्या मागे शिसपेन्सिलने गाव, साल आणि प्रसंग लिहा, बॉलपेनने नको, तो पुढे उमटतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तो फोटो हातात द्या आणि मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा. ‘हा कोण’ असं विचारू नका. ‘इथे रात्री काय असायचं’ असं विचारा. मग बघा, शेतावर पाणी द्यायला गेलेले आजोबा काय काय सांगतात ते! आणि गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद व्हायच्या बेतात असेल तर निगेटिव्हचं काय करणार, एवढं नक्की विचारून ठेवा. भंगारवाल्याला विचारण्यापेक्षा ते बरं.

हे फार मोठं काम वाटतंय? धुळ्याच्याच माणसांना विचारा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून जुनी दप्तरं गोळा करायचे. लोकांना ती रद्दी वाटायची. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे 22 खंड उभे राहिले. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी, 1927 मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ या शहराने सुरू केलं. ते आजही आहे. मोडी कागद वाचवणाऱ्या गावाला बँडच्या ड्रमवरचं नाव वाचवणं जड जाऊ नये.

आणि नवे फोटो काढायला तर काहीच खर्च नाही. ना बारा फोटोंची मर्यादा, ना अंधाराची भीती. या मार्गशीर्षात सारंगखेड्याला गेलात तर घोड्यांचे फोटो सगळेच काढतील, रीलही सगळेच करतील. तुम्ही फक्त एकदा मागे वळा. पाळण्याचा उजेड ज्या चेहऱ्यांवर पडलाय ते चेहरे घ्या, तिकिटाची खिडकी घ्या, दुकानाच्या पाटीसकट भज्यांचा गाडा घ्या, आणि खाली तारीख टाका. पुढच्या शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला तुमच्याकडेही काहीतरी असेल.